घरची दोन मतं

परवा संध्याकाळी आमच्या दारव्ह्याच्या घरी प्रचाराची मंडळी येऊन गेली. नगरपालिकेची निवडणूक आहे, आणि माझ्या नवऱ्याचा, विनोदचा, शाळासोबती आमच्या वॉर्डातून उभा आहे. विनोदने सगळ्यांना बसवलं, मला चहा टाकायला सांगितला आणि मंडळी उठली तेव्हा मित्राच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "टेन्शन कायले घेतो बे? आमच्या घरची दोन्ही मतं तुह्यीच."

मी आत कप विसळत होते. हातातला कप हातातच राहिला. गंमत अशी, की त्याच मित्राला मत द्यायचं हे माझं आधीच ठरलं होतं. माणूस बरा आहे, आमच्या गल्लीतली नाली त्यानेच मागे लागून साफ करून घेतली. पण विनोदचं ते वाक्य कानावर पडलं आणि कोणीतरी माझ्या पर्समधून वस्तू काढून परस्पर देऊन टाकावी तसं वाटलं. भांडावं इतकी ती गोष्ट मोठी नव्हती, आणि गिळून टाकावी इतकी लहानही नव्हती. मी कप पालथे घातले.

तेवढ्यात शांताआत्याचा फोन आला. "आयतवारी सीतादही हाय व. सारे बोंडं फुटून राह्यले. जवायले घेऊन ये, एकटी आली तर दहीभात भेटनार नाही तुले."

कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे वावरात सीतादही करतात. घरची बाई आणि वेचणाऱ्या बाया मिळून एका भरल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, हळदकुंकू वाहतात, दहीभात चारी दिशांना शिंपडतात, उरलेला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पानावर खातात, आणि मगच पहिल्या बोंडाला हात लागतो. दवाने ओली पानं, आंबूस दही, ऊन लागून वाफाळू लागलेली काळी माती, या सगळ्यांचा मिळून एक वास असतो. फोन कानाला लावल्या लावल्या तो वास माझ्या स्वयंपाकघरात आला, आणि त्याच्या मागोमाग एक सबंध हंगाम आला.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि मी पीएच.डी. करत होते. जवळच्या नात्यातली माणसं एकमेकांचं मत कसं घडवतात, हा माझा विषय. नवऱ्याचं बायको किती ऐकते, बायकोचं नवरा किती ऐकतो, सासूचं सून ऐकते की नुसती मान हलवते, असलं सगळं. आमच्या सरांनी बजावलं होतं, "जोडप्याला वेगवेगळं विचारायचं, एकमेकांच्या कानाआड. आणि तू स्वतः तोंड मिटून राहायचं. तुझ्या बोलण्यानं कोणाचं मत हललं, तर अभ्यास पाण्यात." आत्याच्या गावात सरपंचाची निवडणूक लागली होती. दिवाळीचा फराळ डब्यात भरून मी फुलसावंगीच्या वाटेवरच्या तिच्या गावी जाऊन राहिले.

कानाआड म्हणे! खेड्यात कानाआड काही नसतं. मी चुलीपाशी बसून हळू आवाजात बाईला प्रश्न विचारावा आणि ओसरीवरून नवऱ्याचं उत्तर यावं, "तिले काय विचारता मॅडम, घर एकच हाय ना आमचं." सासू शेजारी लसूण सोलत बसलेली. सून आधी माझ्याकडे पाही, मग सासूकडे, मग कुकरकडे, आणि कुकरची शिट्टी झाली की सुटल्यासारखी उठून जाई. एका आजोबांनी मला गोठ्याकडे नेऊन सांगितलं, "बायको म्हनन तिथंच देतो मी मत. पण हे तिले सांगू नको बाप्पा. तिले वाटते, मीच तिले सांगतो." त्या एका वाक्यात माझा अर्धा प्रबंध होता. मला तेव्हा त्याचं नुसतं हसू आलं होतं.

शेवटी मी वेचायलाच जाऊ लागले. वावरात हात गुंतलेले असतात, नजर बोंडावर असते, कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. अशा वेळी बाया खरं बोलतात. मला वेचणं येत नव्हतं. सुकलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचत, आणि माझ्या ओटीत कापसापेक्षा काडीकचराच जास्त. आत्याची जिभली चालायची, "पोरी, तू निस्ती बोल. वेचू नको. सारा माल खराब करशीन."

आत्याच्या ओळीत कायम सुगंधा असायची. सुगंधा बंजाऱ्यांच्या तांड्यातली, गोरमाटी. आमच्या गावाची आणि तांड्याची ग्रामपंचायत एकच, मधे फक्त एक नाला. आत्या लग्न होऊन आली त्या वर्षीपासून दोघींचा एक तास. तिकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात, घड्याळाशी त्याचा संबंध नाही. पऱ्हाटीच्या एका अंगाने आत्या, दुसऱ्या अंगाने सुगंधा, आणि मधून बोंडांवरून चालणारं बोलणं. सुनांच्या तक्रारी, गुडघ्यांच्या तक्रारी, कोणाच्या पोराचं कुठे जमलं. आत्याचं बोलणं वऱ्हाडी, सुगंधाचंही वऱ्हाडीच, पण बोट टोचलं की तिच्या तोंडून "याडी ये!" निघायचं, म्हणजे आई गं. इतकी वर्षं शेजारी राहून आत्याच्याही तोंडी तेच बसलं होतं. आत्याला ठेच लागली की तीही "याडी ये" म्हणायची आणि मामाजी, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे, "झाली बंजारीण." दिवस कलला की आत्या आपल्या ओटीतला कापूस हळूच सुगंधाच्या ढिगात टाकायची. तो सुगंधाच्या वजनात जायचा. कोणाला दिसत नाही अशी आत्याची समजूत होती, आणि मामाजी त्या वेळी नेमके बैलांकडे तोंड करून उभे असायचे.

त्या वर्षी सरपंचाची जागा बाईसाठी राखीव झाली. गावातून आत्याची जाऊ उभी राहिली, मामाजींच्या थोरल्या चुलतभावाची, दादारावांची बायको मंदाबाई. तांड्यातून सुगंधा. तिला बचत गटातल्या बायांनी उभं केलं होतं. ती तयार झाली ते उन्हाळ्यात तांड्यातली विहीर आटते म्हणून. त्यावर बोलायला लागली की तिचा आवाज चढायचा.

मामाजी म्हणजे शब्दाचा माणूस. बैलजोडीचा सौदा असो की सोयरिकीचा, त्यांनी मान हलवली की लिहून घ्यायची गरज नाही अशी त्यांची ख्याती. दादारावांच्या ओसरीवर सुपारी फोडता फोडता ते बोलून गेले, "दादा, आमच्या घरची दोन मतं तुमची." आत्याला हे कळलं ते मंदाबाईकडून, नळावर. "माय, तुमचे दोन धरून ठेवले बरं आमी," असं मंदाबाई सहज म्हणाली आणि पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, उचलून गेली.

आत्या भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडणारी बाई आहे. पण ती घरी येऊन भाकरी थापत बसली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "शब्द गेला ना व घरातून. आता त्याच्या मांगं धावू का मी?"

दुसऱ्या दिवशी वावरात ती सुगंधाच्या तासाला लागलीच नाही. पार दुसऱ्या टोकाला, निंबाकडच्या ओळीत जाऊन उभी राहिली. सुगंधाने एकदा मान वर करून पाहिलं आणि आपलं वेचू लागली. वावर इतकं मुकं झालेलं मी पाहिलं नव्हतं. पानांची खसफस आणि कुठून तरी ट्रॅक्टरचा आवाज, बस्स. दोघी आपापल्या ओळीच्या शेवटी पोचल्या तेव्हा त्यांच्या मधे सगळं वावर पांढरं पसरलेलं होतं.

घरात माझी पंचाईत निराळीच. अभ्यासाच्या नियमाप्रमाणे मी आत्याला आणि मामाजींना वेगवेगळं विचारून घेतलं होतं, आणि आता दोघांनाही दुसऱ्याचं उत्तर हवं होतं. मी मागच्या अंगणात दात घासत असले की मामाजी तंबाखू मळत येत. "काय म्हणे तुही आत्या?" मी म्हणायची, "मामाजी, ते सांगता येत नाही." "असं असं," म्हणून ते जात, आणि जरा वेळाने पुन्हा येत. "निस्तं इतकं सांग, रागावून हाय का?" इकडे आत्या वरण घोटता घोटता विचारी, "तुले मामाजी काय बोलले व?" मी गप्प. "इतकं शिकून काय कामाचं मंग? घरातलं घरात सांगता येत नाही!" तिचं खरं होतं. एकाच छपराखाली दोन माणसं, मधे पाण्याचा एक माठ, आणि निरोप्या म्हणून एक पीएच.डी. करणारी भाची, जिला तोंड उघडायला बंदी.

निवडणूक जवळ आली तशी सुगंधा घरोघर फिरू लागली. सकाळी वेचणी, दुपारनंतर प्रचार. आमच्या गल्लीतही आली. शेजारच्या घरी तिचा आवाज ऐकू आला, त्याच्या पलीकडच्या घरीही. आत्या दारातला कचरा झाडत होती. झाडून झालं तरी झाडत राहिली. सुगंधा आमच्या दारावरून सरळ पुढे गेली.

आत्या आत आली आणि पाटावर बसून पदराने डोळे पुसले. मतासाठी रडलेली बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "साऱ्या गावाले मागते. ज्यायनं तिले कधी पानी नाही पाजलं त्यायले मागते. मलेच नाही मागत. इतकी परकी झाली का मी?"

तेव्हा मला कळलं की सरपंच कोण होतो याची आत्याला फारशी पर्वा नव्हती. सुगंधा गेली तर ती एका माणसाला मुकणार होती, आणि या वयात तसं माणूस पुन्हा मिळत नाही. दोन सासुरवाशिणींनी नाल्याच्या दोन काठांवरून येऊन एका ओळीत मांडलेला तो दुसरा संसार होता.

त्या दिवशी संध्याकाळी वावरात वजनं चालली होती. मामाजी काट्यापाशी गाठोडं बांधत होते, पाठमोरे. आत्या लवकर घरी गेली होती. मी सुगंधाला ढिगातला कचरा काढू लागले आणि हिंमत करून विचारलं, "मावशी, सगळ्या गावाकडे गेल्या. आत्याकडे का नाही गेल्या?"

सुगंधा एक काडी काढून फेकत म्हणाली, "मागतलं अस्तं तर तिले नाही म्हना लागलं अस्तं. तिच्या मालकाचा शब्द गेला हाय. नाही म्हनली अस्ती तर जल्मभर तिच्या जीवाले लागलं अस्तं. आन् हो म्हनली अस्ती तर घरात आग. मी कायले तिच्यावर अशी पाळी आनू?"

"पण तिला वाईट वाटलं."

"मले नाही वाटलं का?" ती म्हणाली. "मत काय व, पाच वर्सानं पुन्हा येते. दुसरे देतीन. तिचं मन मोडलं तर कोन जोडून देईन?"

मामाजींची गाठ मारून झाली होती. तरी ते गाठोड्यावर हात ठेवून तसेच उभे होते. मग त्यांनी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल माह्यासंग. तू शिकेल हाय. कोनी तं ऐकाले पाह्यजे." कुठे जायचं ते सांगितलं नाही.

दादारावांच्या ओसरीवर प्रचाराची माणसं बसली होती. मामाजी उभ्यानेच बोलले. "दादा, म्या तुमाले दोन मतांचा शब्द देल्ला होता. त्यातलं एक वापस घ्याले आलो. माह्यं मत तुमचं. त्यात बदल नाही. शांतेचं मत म्या देऊन टाकलं, थे माह्यं नोतंच. दुसऱ्याच्या वावरातला माल म्या इकला."

ओसरीवर कोणीतरी खुसखुसलं. दादाराव लालबुंद झाले. "बायकोच्या पदराआड गेला का रे? तिनं पाठवलं तुले?"

"तिले मालूमही नाही," मामाजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. शब्द फिरवण्याची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ असावी, आणि तीही चार माणसांत. त्यांचे कान टोपीखाली लाल झालेले मला दिसत होते. मला त्या वेळी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

दादाराव पुढे बोलणार तोच आतून मंदाबाई चहा घेऊन आली. उमेदवार तीच होती, हे ओसरीवर सगळेच विसरले होते. "घ्या भाऊजी, च्या घ्या," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे न पाहता पुढे म्हणाली, "तुमी निदान वापस तरी घ्याले आले. मले उभी करताना मले कोनी विचारलं होतं?" मामाजींनी सगळा चहा बशीत ओतला आणि उभ्यानेच प्यायले.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले आणि आत्याला म्हणाले, "दादाकडे गेलतो. माह्यं मत तिथंच हाय. तुह्यं तू पाह्य."

आत्याच्या हातात परात होती. तिने ती खाली ठेवली. मग म्हणाली, "जेवाले बसा." त्या दिवशी भाकरीवर लोण्याचा गोळा एवढा मोठा होता, की मामाजी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, "हे नको घेऊ तुह्या अभ्यासात."

मतदान शाळेत झालं. बायांच्या रांगेत आत्या, मंदाबाई आणि सुगंधा पाठोपाठ उभ्या होत्या, उन्हामुळे पदर पुढे ओढून. मंदाबाईने पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि तिघींनी खाल्ल्या. आत्या आत गेली, बाहेर आली, बोटाची शाई वाळवत घरी आली. मी काही विचारलं नाही. माझ्या कामाच्या दृष्टीने तो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता, आणि मला तो विचारवला नाही. मामाजींनीही विचारला नाही. त्यांनी नुसतं म्हटलं, "ऊन होतं का लय?"

सुगंधा पडली. थोडक्याने पडली, पण पडली. तांड्यात दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी ती वेचायला आली, नेहमीसारखी, डोक्याला फडकं बांधून. ओळीला लागली. आत्या निंबाकडे उभी होती. तिने ओटीची गाठ घट्ट केली, आणि सगळं वावर ओलांडून, पऱ्हाट्या बाजूला सारत, सुगंधाच्या तासाला येऊन समोरच्या अंगाने उभी राहिली.

दोघी वेचू लागल्या. दोघींच्या डाव्या हाताच्या बोटावर शाई, आणि बोटांत पांढरा कापूस. मग आत्या म्हणाली, "मत मागाले नाही आली तू."

"आन् तू देल्लं का नाही, म्या विचारलं का?"

"विचार मंग."

"नाही विचारत," सुगंधा म्हणाली. "याडी ये!" बोंड टोचलं होतं. आत्या हसायला लागली, मग सुगंधा, मग दोघी इतक्या हसल्या की पलीकडच्या ओळीतल्या बाया काय झालं म्हणून बघायला उभ्या राहिल्या. त्या रात्रीपर्यंत मी काही लिहिलं नाही. नंतर लिहिलं ते भलतंच कोरडं होतं. त्यात ते हसणं कुठे बसवायचं हे मला आजही सुचलेलं नाही. पुढे प्रबंध पूर्ण झाला, डॉक्टरही झाले. आत्या म्हणते, डॉक्टर झाली पण साधा खोकला बरा करत नाही.

तर या रविवारी आम्ही गेलो. विनोद आला, निमूट. पऱ्हाटीला हळदकुंकू वाहिलं, दहीभात शिंपडला. तांड्यात आता नवी विहीर आहे. ती मंदाबाईने सरपंच झाल्यावर मागे लागून करून घेतली, आणि खोदायची जागा सुगंधाने दाखवली. मामाजी थकलेत, काट्यापाशी खुर्ची टाकून बसतात. धुऱ्यावर पानं मांडून बसलो तेव्हा त्यांनी जावयाची चौकशी करायची म्हणून विचारलं, "दारव्ह्याले कायचं वारं हाय?"

"माहा दोस्तच उभा हाय, मामाजी," विनोद उत्साहाने म्हणाला. "म्या सांगून टाकलं त्याले, आमच्या घरची दोन्ही मतं..."

सुगंधाचा घास हातातच राहिला. तिने आत्याकडे पाहिलं, आत्याने मामाजींकडे, आणि मामाजी खाली मान घालून पानावरचं शेवटचं शीत शोधू लागले. मग सुगंधाच जी हसत सुटली, तिने विनोदला सगळी कथा अथपासून इतिपर्यंत सांगितली. दादारावांच्या ओसरीवरचं तर तिने असं सांगितलं, जणू तीच हजर होती. विनोद ऐकत होता आणि त्याचे कान मामाजींसारखेच लाल होत होते. मी मधे एक शब्द बोलले नाही. सरांची शिकवण एवढ्या वर्षांनी कामी आली.

परतीच्या एसटीत दिग्रस मागे पडलं तेव्हा विनोदने फोन लावला. "अबे, दोन म्हटलं होतं ना परवा? एक पक्कं धर. दुसरं माह्यं नाही, तिले येऊन विचार तू." पलीकडून मित्र काहीतरी म्हणाला असावा. "नाही बे, भांडन गिंडन नाही. दहीभात खाऊन आलो." फोन खिशात ठेवून तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता.

माझं मत कोणाला, ते त्याने दारव्हा येईपर्यंत विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी सांगून टाकलं असतं.